मेंदूतल्या लयी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मेंदूतल्या विद्युत लयी आणि लक्ष, स्मृती, विचार यांचा संबंध काय, याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी ध्यानाचं एक ॲप वापरतो. बीटा म्हणजे ताण, अल्फा म्हणजे शांतता, थीटा म्हणजे सर्जनशीलता आणि गॅमा म्हणजे तल्लख बुद्धी, असं त्यात लिहिलं आहे. मग बीटा कमी करून अल्फा वाढवली की काम झालं, असं समजायचं का?

उत्तर : नाही. ही नावं वेगाची आहेत, मनःस्थितीची नव्हेत. सेकंदाला ०.५ ते ४ आवर्तनं असली की डेल्टा, ४ ते ८ थीटा, ८ ते १३ अल्फा, १३ ते ३० बीटा आणि त्यापुढे साधारण १०० पर्यंत गॅमा. सेकंदाला एक आवर्तन म्हणजे १ हर्ट्झ. या सीमा सोयीसाठी आखलेल्या आहेत. अल्फाला वर्णमालेतलं पहिलं अक्षर मिळालं ते ती पहिल्यांदा दिसली म्हणून. जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची विद्युत नोंद, म्हणजे ईईजी, घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. डोळे मिटले की सुमारे १० हर्ट्झची लय उमटते आणि उघडले की विरते, हे त्यांनीच दाखवलं. १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये एड्रियन आणि मॅथ्यूज यांना तेच आढळलं, तेव्हा कुठे इतरांचा विश्वास बसला.

आता हीच १० हर्ट्झची लय वेगवेगळ्या जागी बघा. डोक्याच्या मागच्या भागात, दृष्टीच्या क्षेत्रावर, ती डोळे मिटल्यावर वाढते. हातापायांच्या हालचाली सांभाळणाऱ्या क्षेत्रावरही जवळपास त्याच वेगाची एक लय असते, तिला म्यू म्हणतात. डोळे उघडण्या-मिटण्याचं तिला फारसं सोयरसुतक नसतं. हात हलवला, किंवा हलवण्याची नुसती कल्पना केली, की ती खाली येते. प्रोपोफॉल देऊन भूल दिली, की कपाळाच्या बाजूला ठसठशीत अल्फा दिसू लागते, आणि तो माणूस शांतही नसतो, एकाग्रही नसतो. तो बेशुद्ध असतो. वेग तिन्ही ठिकाणी जवळपास एकच, पण कारण आणि काम निरनिराळं.

लक्षाच्या संदर्भात अल्फाची सर्वांत भक्कम माहिती अशी आहे. पडद्याच्या मध्यावर नजर स्थिर ठेवून कुणाला सांगितलं, की डाव्या बाजूला काय येतं त्याकडे लक्ष दे, तर उजव्या गोलार्धाच्या मागच्या भागातली अल्फा उतरते, कारण डावी बाजू तोच गोलार्ध बघतो. त्याच वेळी डाव्या गोलार्धातली अल्फा तुलनेने चढलेली राहते. म्हणजे जे क्षेत्र आत्ता कामाचं नाही, तिथे अल्फा जास्त असते. काही अंक थोडा वेळ मनात धरून ठेवायला सांगितले तर त्या काळात मागची अल्फा वाढते, आणि अंक जास्त असतील तर आणखी वाढते. बाहेरून येणारी दृश्यं अडवून धरायची असतात, असा त्याचा अर्थ बहुतेक संशोधक लावतात. तेव्हा एकाग्र माणसाच्या मेंदूत अल्फा एका जागी कमी आणि दुसऱ्या जागी जास्त असते. ॲप सगळ्याचा मिळून एकच आकडा दाखवत असेल, तर त्यातून काहीच ठरवता येत नाही.

बाकीच्यांचीही तीच गत. मूठ आवळून स्थिर धरली की हालचालीच्या क्षेत्रात बीटा टिकून राहते, हात हलवण्याआधी उतरते, थांबल्यावर जोरात परत येते. ताणाशी याचा संबंध नाही. थीटा डुलकी लागताना दिसते आणि अवघड तोंडी हिशेब करतानाही दिसते, फक्त दुसऱ्या प्रसंगी ती कपाळामागे मध्यरेषेवर असते. केटामाइन या भुलीच्या औषधाने गॅमा वाढते आणि विचार मात्र विस्कटतात. कोणतीही लय समोर आली की कुठली, केव्हाची आणि कशाच्या तुलनेत, हे तीन प्रश्न आधी विचारावेत, असा आमचा आग्रह आहे.

प्रश्न : लहरी लहरी म्हणतात, पण मेंदूत नेमकं हलतं तरी काय?

उत्तर : हलतो तो विद्युतप्रवाह. मेंदूच्या बाह्यावरणात पिरॅमिडच्या आकाराच्या चेतापेशी एकमेकींना समांतर उभ्या असतात. एका पेशीचा संदेश दुसरीला पोचला, की तिच्या आवरणातून प्रवाह वाहतो आणि तो दहा-वीस मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त टिकतो. हजारो पेशींत हे एकदम घडलं, तरच बेरीज होऊन कवटीबाहेर काही उमटतं. पेशीतून सुटणारा कडक स्पंद जेमतेम १ मिलिसेकंदाचा असतो. असे स्पंद एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ईईजीत ते जवळजवळ दिसतच नाहीत.

त्वचेवर पोचतो तो संकेत साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा. हृदयाचा ईसीजी सुमारे १ मिलिव्होल्ट, म्हणजे दहापट ते शंभरपट मोठा. शिवाय बाह्यावरणाचा काही चौरस सेंटिमीटरचा पट्टा एकसाथ चालला तरच लय नजरेत भरते. स्मृतीसाठी महत्त्वाच्या हिप्पोकॅम्पससारख्या खोल भागातलं बरंचसं ईईजीला कळतच नाही.

लय का तयार होते? उत्तेजित करणाऱ्या पेशी शांत करणाऱ्या पेशींना जागं करतात, त्या सगळ्यांना गप्प करतात, गप्प करण्याचा परिणाम ओसरला की पहिल्या पुन्हा पेटतात. तो ओसरायला किती वेळ लागतो त्यावर वेग ठरतो. ४० हर्ट्झच्या गॅमात एक फेरी २५ मिलिसेकंदांची असते, आणि तिचं गणित प्रामुख्याने गाबा या रसायनाने होणाऱ्या दडपणाच्या कालावधीवर बसतं. अल्फा आणि झोपेतल्या लयींत मेंदूच्या मध्यभागातला थॅलॅमस आणि बाह्यावरण यांच्यामधली मोठी वर्तुळं सामील असतात.

प्रश्न : मी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. कपाळावर आणि कानांमागे मिळून चार इलेक्ट्रोड असलेला हेडबँड वापरून प्रकल्प करते आहे. गणितं सोडवताना गॅमा जवळजवळ दुप्पट होते. विचार करताना गॅमा वाढते, असा निष्कर्ष काढू का?

उत्तर : काढू नका. ती वाढ बहुधा स्नायूंची आहे. विचारात गढलेला माणूस कपाळ आक्रसतो, जबडा घट्ट धरतो, आणि स्नायूंचा संकेत साधारण २० हर्ट्झपासून वर सगळीकडे पसरतो. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी स्वयंसेवकांचे स्नायू औषधाने पूर्ण शिथिल करून ईईजी घेतला, तेव्हा २० हर्ट्झच्या वरचा बहुतांश भाग नाहीसा झाला. पुढच्या वर्षी इस्रायली संशोधकांनी दाखवलं, की चित्र दिसल्यावर येणारी गॅमाची एक प्रसिद्ध उसळी डोळ्यांच्या अतिसूक्ष्म झेपांमुळे उमटत होती. ही दोन कामं माहीत असणारा परीक्षक तुम्हाला पहिला प्रश्न याबद्दलच विचारेल.

तपासायला सोपं आहे. गणित न देता ५ सेकंद जबडा आवळायला सांगा, मग ५ सेकंद भुवया उंचवायला सांगा. त्या वेळचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती शक्ती आहे त्याचा आलेख, गणिताच्या वेळच्या आलेखावर ठेवून बघा. दोन्हींत २० हर्ट्झनंतर उजवीकडे सगळंच उचललं गेलं असेल, तर तुम्ही कपाळ मोजता आहात.

आमचं म्हणणं, प्रकल्प अल्फावर घ्या. डोळे उघडे आणि मिटलेले यांतला फरक इतका मोठा असतो, की साध्या उपकरणावरही दिसतो. फक्त इलेक्ट्रोड मागे हवा. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत टेप धरा. अंतर ३६ सेंमी आलं तर उंचवट्यापासून १० टक्के, म्हणजे ३.६ सेंमी वर जा. डोक्याचा घेर ५६ सेंमी असेल तर तिथून ५ टक्के, म्हणजे २.८ सेंमी डावीकडे आणि तितकंच उजवीकडे. या दोन जागा. संदर्भाचा इलेक्ट्रोड कानाच्या पाळीवर. केस विंचरून बाजूला करा, त्वचा पुसून घ्या, पेस्ट किंवा जेल लावा. संपर्काचा रोध ५ किलोओहमच्या खाली आला तर उत्तम, १० पर्यंत चालतो.

एक मिनिट डोळे उघडे, एक मिनिट मिटलेले, अशा पाच जोड्या घ्या. मिटलेला टप्पा लांबवू नका. माणूस पेंगू लागला की अल्फा तुटक होते आणि थीटा शिरते. उघड्या डोळ्यांनी एका ठिपक्याकडे बघायला सांगा. नोंद १ ते ४० हर्ट्झमध्ये गाळून घ्या, म्हणजे विजेच्या तारांची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण बाहेर राहते. उपकरण सेकंदाला २५६ नमुने घेत असेल तर सिद्धांताने १२८ हर्ट्झपर्यंत दिसायला हवं, पण तुम्हाला तितकं वर जायचंच नाही. २ सेकंदांचे तुकडे करा, प्रत्येक तुकडा आधीच्यावर निम्मा चढलेला ठेवा. २ सेकंदांच्या तुकड्यात ०.५ हर्ट्झपर्यंतचा फरक कळतो. तुकडा अर्ध्या सेकंदाचा केलात तर २ हर्ट्झच्या आतलं काही वेगळं करता येणार नाही, आणि ९ की १० हा प्रश्नच उरणार नाही. ज्या तुकड्यात संकेत १०० मायक्रोव्होल्टच्या पुढे गेला तो टाकून द्या. तिथे बहुधा पापणी मिटली आहे किंवा तार हलली आहे.

आकडेमोडीत दोन खड्डे आहेत. पहिला, टक्केवारी. पुष्कळ उपकरणं एकूण शक्तीत अल्फाचा वाटा किती, तेवढंच दाखवतात. पापण्यांची उघडझाप डेल्टाच्या पट्ट्यात मोठा डोंगर उभा करते. तो वाढला की अल्फाचा वाटा घटतो, आणि अल्फा मात्र होती तेवढीच असते. म्हणून मूळ शक्ती मोजा. दुसरा खड्डा असा, की मेंदूच्या संकेतात वारंवारता वाढेल तशी शक्ती आपोआप उतरत जाते. हा उतार कुठलीही लय नसतानाही असतो. ८ ते १३ ची सरासरी काढली म्हणजे लय सापडली असं होत नाही; उतारावर उभा उंचवटा दिसायला हवा. तो कुणात ९ ला असेल, कुणात ११ ला. काही निरोगी माणसांत जवळजवळ दिसतही नाही. अशी व्यक्ती गटात निघाली तर तसं नोंदवा, वगळू नका.

प्रश्न : परीक्षेच्या दिवसांत मुलगा हेडफोन लावून बायनॉरल बीट्स ऐकतो. त्याने एकाग्रता वाढते का? काही अपाय होतो का?

उत्तर : एका कानात ४०० हर्ट्झचा आणि दुसऱ्यात ४१० हर्ट्झचा स्वर दिला, की १० हर्ट्झची थरथर ऐकू येते. ती हवेत नसते. दोन्ही कानांतले संदेश मेंदूच्या बुंध्यात एकत्र येतात, तिथे ती तयार होते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ डोव्ह यांनी एकोणिसाव्या शतकात याची नोंद केली. स्वर साधारण १००० हर्ट्झच्या खालचे असले आणि दोन्हींतला फरक लहान असला, तरच ती नीट जाणवते. स्पीकरवर वाजवलं तर दोन्ही स्वर हवेतच मिसळतात, मग तो बायनॉरल परिणाम राहत नाही.

एकाग्रतेबद्दलचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. काही प्रयोगांत किंचित फायदा, काहींत काहीच नाही. ईईजीत त्या वेगाचा प्रतिसाद दिसला तरी तो क्षीण असतो, आणि मेंदूने बाहेरच्या ठोक्याला दिलेला प्रतिसाद म्हणजे मेंदूची स्वतःची अल्फा नव्हे. आवाज बेताचा ठेवला तर अपाय नाही. ऐकल्याने बरं वाटत असेल तर ऐकू द्या, पण त्यासाठी झोप कापू देऊ नका. ती का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : रात्री वाचलेलं सकाळी पक्कं झालेलं असतं, असं म्हणतात. झोपेतल्या लयींचा स्मृतीशी खरंच संबंध आहे का?

उत्तर : आहे, आणि या क्षेत्रातला हा सर्वांत समाधानकारक पुरावा म्हणावा लागेल. गाढ झोपेत बाह्यावरणातल्या पेशी सेकंदाला एकाहून कमी वेळा अशा सावकाश लयीत एकत्र गप्प होतात आणि एकत्र जाग्या होतात. या जाग्या टप्प्यावर थॅलॅमसकडून स्पिंडल येतात : ११ ते १६ हर्ट्झच्या, अर्धा ते दोन-तीन सेकंद टिकणाऱ्या फुगत जाणाऱ्या आणि ओसरणाऱ्या लहरी. आणि स्पिंडलच्या पोटात हिप्पोकॅम्पसमधले अतिवेगवान तरंग बसतात. उंदीर दिवसा ज्या वाटेने धावला, त्या वाटेवरच्या पेशी या तरंगांच्या क्षणी त्याच क्रमाने, पण कितीतरी वेगाने पुन्हा पेटतात. २००९ मध्ये उंदरांत हे तरंग उमटताक्षणी विजेच्या झटक्याने मोडले, तर त्यांचं जागा शिकणं मागे पडलं. तितकेच झटके तरंगांच्या मधल्या वेळी दिलेल्या उंदरांचं तसं झालं नाही.

माणसांत २००६ मध्ये जर्मनीत गाढ झोपेत कपाळावरून ०.७५ हर्ट्झचा सौम्य प्रवाह दिला, तेव्हा झोपेआधी पाठ केलेल्या शब्दजोड्या सकाळी जास्त आठवल्या. २०१३ मध्ये तिथेच आवाजाचे छोटे ठोके वापरले. इथे वेळ साधण्याला सगळं महत्त्व आहे. झोपाळ्याला धक्का तो पुढे निघताना द्यावा लागतो, तसा ठोका सावकाश लहरीच्या चढत्या टप्प्यावर पडला की पुढची लहर मोठी होते. भलत्या वेळी पडला की ती मोडते. नंतरच्या प्रयोगांत लहरी बहुतेक वेळा वाढल्या, स्मृती मात्र दर वेळी वाढली नाही. घरी घेऊन बसण्याइतकं हे तंत्र अजून पिकलेलं नाही.

सावकाश लहरी रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात दाट असतात, स्पिंडलची झोप उरलेल्या रात्रभर पसरलेली असते. म्हणून दोन तास उशिरा झोपून नेहमीच्याच वेळी उठलं, की उत्तररात्रीचा वाटा कापला जातो. झोपेच्या काही गोळ्यांनी, विशेषतः बेंझोडायझेपिन गटातल्या, स्पिंडल वाढतात पण सावकाश लहरी घटतात; गोळीची झोप आणि साधी झोप ईईजीवर वेगळ्या दिसतात.

प्रश्न : लय ही मेंदूच्या कामाचं कारण आहे, की चालू यंत्राच्या घरघरीसारखा नुसता उपपरिणाम?

उत्तर : सगळ्या लयींना एकच उत्तर लागू नाही. जिथे लय मोडल्यावर काम बिघडतं आणि ती नीट केल्यावर सुधारतं, तिथे कारण म्हणायला जागा आहे. वरचा झोपेचा प्रयोग त्यातला. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या तळाशी सबथॅलॅमिक केंद्रकात बीटा अवाजवी वाढलेली असते. लेव्होडोपा हे औषध दिलं, किंवा तिथे बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून साधारण १३० हर्ट्झचे स्पंद दिले, की ती उतरते आणि ताठरपणाही सैल होतो.

हिप्पोकॅम्पसमधल्या थीटाचं काम वेळ नोंदवण्याचं दिसतं. १९९३ मध्ये जॉन ओकीफ आणि मायकेल रेस यांनी दाखवलं, की उंदीर एखाद्या जागेतून पुढे सरकतो तसतशी त्या जागेशी जोडलेली पेशी थीटाच्या प्रत्येक फेरीत जरा आधी पेटते. म्हणजे पेशी किती वेळा पेटली एवढ्यातच माहिती संपत नाही, फेरीतल्या कुठल्या क्षणी पेटली त्यातही ती आहे. सेप्टम हा भाग निकामी केला की थीटा जाते आणि उंदीर वाटा विसरतो. पण तिथून ॲसिटिलकोलीनही येतं, तेही जातं, त्यामुळे दोष लयीचा की रसायनाचा हे एवढ्यावरून ठरत नाही.

उलट, रंग, आकार, हालचाल यांची माहिती ४० हर्ट्झच्या गॅमाने एकत्र बांधली जाते, ही कल्पना १९८९ मध्ये मांजराच्या दृष्टिक्षेत्रातल्या नोंदींनंतर फार गाजली. ती आज तितक्या खात्रीने कुणी मांडत नाही. गॅमाचा वेग चित्राच्या ठळकपणाबरोबरही बदलतो, मग दोन क्षेत्रं तिच्यावर घड्याळ कसं जुळवणार, हा आक्षेप आम्हाला वजनदार वाटतो.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलीच्या ईईजी अहवालात थीटा लहरी असल्याचं लिहिलं आहे. इंटरनेटवर वाचून घाबरलो आहोत.

उत्तर : या वयात थीटा असणं नेहमीचं आहे. डोळे मिटल्यावरची मागची लय पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास ६ हर्ट्झची, तिसऱ्या वर्षी ८ च्या आसपास आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास १० पर्यंत पोचते. डॉक्टर पाहतात ते वेगळं : एकाच बाजूला सतत मंद लहरी आहेत का, टोकदार लहरी आहेत का, काही सेकंद शून्यात बघणाऱ्या मुलांत आढळणारा ३ हर्ट्झचा टोक-लहर नमुना आहे का. अहवालातली शेवटची ओळ आणि मुलीची लक्षणं डॉक्टरांसमोर एकत्र ठेवा. पुन्हा ईईजी करायचा असेल तर केस धुऊन, तेल न लावता न्या, उपाशी ठेवू नका, चालू औषध स्वतःहून बंद करू नका. तपासणीत तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावतात आणि दिवा लुकलुकवतात. मुलीला हे आधी सांगितलं तर रडारड कमी होते आणि नोंद स्वच्छ येते. ईईजी निर्दोष आला म्हणून अपस्मार नाही, असं मात्र ठरत नाही.

प्रश्न : आईला अल्झायमर आहे. ४० हर्ट्झने लुकलुकणाऱ्या दिव्याने फरक पडतो असं वाचलं. घरी एलईडीने करून बघू का?

उत्तर : २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने असा प्रकाश दाखवलेल्या उंदरांच्या दृष्टिक्षेत्रात ॲमिलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन, कमी झाल्याचं प्रसिद्ध केलं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटाने तेच करून पाहिलं, त्यांना तो परिणाम मिळाला नाही. माणसांवरच्या चाचण्या झाल्या आहेत, होत आहेत. आईंच्या डॉक्टरांनी सुचवल्यास अशा चाचणीत नाव घालता येईल. घरी मात्र करू नका. लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काहींना झटके येतात, सर्वांत धोक्याचा पट्टा १५ ते २५ हर्ट्झचा, आणि घरी जुळवलेल्या सर्किटचा वेग जरा चुकला तर तो तिथेच येऊन पडू शकतो. शिवाय अल्झायमरमध्ये झटके येण्याची शक्यता मुळातच जास्त असते.